परदेशात स्टिअरिंग धरायचे, तर परवाना कोणता?

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे अर्ज भरून घ्यायला येणाऱ्या तरुणांचा प्रश्न बदलला आहे. पूर्वी मुले विचारीत, पासपोर्टला काय काय कागद लागतात? आता विचारतात, परवाना गिअरच्या गाडीवर काढू की ऑटोमॅटिकवर? चिपळूण-कराड रस्त्यावरच्या आमच्या पोफळी, शिरगाव, अलोरे या पट्ट्यातून आखातात जाणे नवे नाही. त्यांतले बरेच जण 'ड्रायव्हर' म्हणून जातात. घरात एखादा मुलगा दहावी-बारावीनंतर टेम्पोवर बसू लागला की दोन वर्षांत दुबई, कतार, सौदी यांच्या गोष्टी सुरू होतात. मग आईच्या कानातले, गावच्या पतपेढीचे कर्ज, मामाकडून उसने असे करून पैसे उभे राहतात. एवढे सगळे ज्या एका कार्डावर अवलंबून, त्या कार्डाविषयी मात्र घरात कोणालाच नीट माहिती नसते. एक माऊली आम्हाला म्हणाली, "भाऊ, गाडी जर आपोआपच जाते, तर डायवर कशाला पायजे?" आम्ही हसलो, पण प्रश्न वाईट नव्हता. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

ऑटोमॅटिक गाडी आपोआप जात नाही. स्टिअरिंग, ब्रेक, ॲक्सिलरेटर हे सर्व माणसालाच पाहावे लागते. फक्त क्लचचे पायडल नसते, आणि वेग कमी-जास्त होईल तसा गिअर गाडी स्वतः बदलते. चालकाने पुढे जाण्यासाठी 'डी', मागे येण्यासाठी 'आर', उभी करण्यासाठी 'पी' एवढे लावायचे. गिअरच्या गाडीत मात्र डावा पाय क्लचवर, एक हात गिअरच्या दांड्यावर, आणि कान इंजिनाच्या आवाजाकडे. शिकताना सर्वांत जास्त घाम निघतो तो इथेच. चढावर थांबलेली गाडी मागे न सरकू देता पुढे काढणे, त्यासाठी हाफ क्लच आणि हँडब्रेक यांचा मेळ घालणे, हे ज्याला जमले त्याला गाडी आली असे आपल्याकडे समजतात.

आपल्याकडे ऑटोमॅटिक मोटार ही बरीच वर्षे साहेबलोकांची चीज होती. २०१४ साली मारुतीने सेलेरिओ गाडीत स्वस्तातला ऑटोमॅटिक गिअर आणला आणि तेव्हापासून ती मध्यमवर्गात उतरली. आता बिनगिअरच्या स्कूटरवर वाढलेली मुले सरळ तशाच मोटारीवर बसतात. त्यात गैर काही नाही. प्रश्न उभा राहतो तो पोटासाठी परदेशी जायचे ठरल्यावर.

आधी आपला कायदा पाहू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम दहा. त्यात परवान्याचे वर्ग दिले आहेत. मोटारसायकलीत 'गिअर नसलेली' आणि 'गिअर असलेली' असे दोन वेगळे वर्ग आहेत. हलक्या मोटार वाहनात असा भेद नाही. म्हणजे तुम्ही चाचणी कोणत्याही मोटारीवर द्या, हातात येणारे कार्ड एकच. रत्नागिरीच्या परिवहन कार्यालयात जाऊन 'मला मॅन्युअलचे लायसन द्या' असे म्हणण्यात म्हणून काही अर्थ नाही. ज्या मुलाने ऑटोमॅटिकवर शिकून परवाना घेतला, त्याला कायद्याने कुंभार्ली घाटात गिअरची जीप नेण्याची मुभा आहे. नेता येईल की नाही हा वेगळा प्रश्न.

अमेरिका आणि कॅनडा येथेही साध्या मोटारीच्या परवान्यात गिअरचा भेद करीत नाहीत. परंतु जगात बऱ्याच ठिकाणी तो करतात. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवान्यावर तसे बंधन येते व गिअरची गाडी चालवता येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत तसेच. सिंगापूरने तर वर्गच वेगळे ठेवले आहेत. तिसरा वर्ग म्हणजे दोन्ही गाड्या, 'तीन-अ' म्हणजे फक्त ऑटोमॅटिक. जपानमध्ये 'फक्त ऑटोमॅटिक' असा परवाना १९९१ पासून मिळतो. नियमाचा गाभा सगळीकडे सारखा आहे. गिअरच्या गाडीवर पास झालात तर दोन्ही चालवा. ऑटोमॅटिकवर पास झालात तर एकच. पहिला परवाना दुसऱ्याला पोटात घेतो, दुसरा पहिल्याला घेत नाही.

ह्या एका ओळीचे अज्ञान किती महागात पडते, ते आम्ही जवळून पाहिले आहे. आमच्या पट्ट्यातला एक मुलगा चार वर्षे पिकअप चालवीत होता. चिपळूणच्या बाजारातून माल भरायचा, घाट चढून कोयनानगर, पाटण, कराड करायचे, रात्री परत. गिअरवर हात असा बसलेला की घाटात शेजारी बसणाऱ्याला झोप लागावी. एका एजंटाच्या ओळखीने तो आखातात मालवाहू गाडीचा चालक म्हणून गेला. तिथे ड्रायव्हिंगच्या शाळेत नाव घालताना खिडकीवरच्या माणसाने विचारले, मॅन्युअल की ऑटोमॅटिक? बरोबरच्या दोघांनी सल्ला दिला, ऑटोमॅटिक घे, लवकर पास होशील, नापास झालास की पुन्हा पैसे. पैसे तर कंपनी पगारातून कापणार होती. त्याने ऑटोमॅटिक सांगितले आणि पहिल्याच फटक्यात पास झाला. घरी पेढे वाटले गेले. कामावर गेला तर कंपनीच्या आठही गाड्या गिअरच्या! परवान्यावर बंधन, गाडीला हात लावायची सोय नाही. मग त्याला मदतनीस म्हणून माल चढवायला-उतरवायला लावले, पगारही मदतनिसाचा. पुन्हा फाईल उघडून, पुन्हा फी भरून, गिअरच्या गाडीवर परीक्षा देईपर्यंत सात महिने गेले. इकडे पतपेढीचे हप्ते थांबत नव्हते. जी विद्या तो चार वर्षे घाटात रोज वापरत होता, तिचाच कागद त्याच्याकडे नव्हता.

त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. त्याला भीती वाटली ती खरीच होती. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो, स्टिअरिंग उजवीकडे, गिअर डाव्या हाताला. आखातात सगळे उलट. रस्त्याची उजवी बाजू, स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. पहिले काही दिवस हात गिअर शोधायला दाराकडे जातो, असे तिथून आलेले लोक सांगतात. त्यात मोठमोठे चौक, आणि शेजारी बसलेला परीक्षक. अशा वेळी निदान गिअरचे लचांड तरी नको, असे वाटणे साहजिक आहे. पण क्लचची सवय पायात असते, आणि पाय तर बदलत नाहीत. हाताची अडचण पंधरा-वीस दिवसांत मोडते, परवान्यावरचे बंधन मात्र नवी परीक्षा दिल्याशिवाय जात नाही. एवढे त्याला कोणी जाण्यापूर्वी सांगितले असते तर सात महिने वाचले असते.

'इंटरनॅशनल लायसन'चा घोळ

दुसरा गैरसमज याहून मोठा आहे. पुष्कळ मुलांना वाटते की आपल्या परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढला की जगात कुठेही ड्रायव्हरची नोकरी करता येते. काही एजंट हा समज मुद्दाम वाढवतात आणि 'इंटरनॅशनल लायसन काढून देतो' म्हणून वेगळे पैसे घेतात. या कागदाची हकीगत अशी. १९४९ साली जिनिव्हा येथे रस्ते वाहतुकीचा एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात सामील झालेल्या देशांनी एकमेकांच्या चालकांना मान्यता द्यायची ठरवले. त्याप्रमाणे आपले परिवहन कार्यालय एक वर्षाच्या मुदतीचा हा परवाना देते. सरकारी फी एक हजार रुपये. चालू परवाना, पासपोर्ट आणि व्हिसा हे मुख्य कागद. २०२२ पासून त्याचा नमुना देशभर एकच झाला आहे. त्यासाठी एजंटाला पाच-सात हजार देण्याचे कारण नाही.

परंतु हा कागद पाहुण्यासाठी आहे. मुलीकडे महिनाभर गेलात, भाड्याची मोटार घेतली, तर उपयोगी. राहण्याचा व काम करण्याचा व्हिसा लागला की बहुतेक देश म्हणतात, आमचा परवाना घ्या. अमिरातीत रहिवासी झालेल्या भारतीयाला तिथलाच परवाना लागतो, आणि ज्या देशांचे परवाने परीक्षेशिवाय बदलून मिळतात त्या यादीत भारत नाही. ब्रिटनमध्ये राहायला गेलेल्याला आपल्या परवान्यावर बारा महिने गाडी चालवता येते, त्यानंतर तिथली लेखी व प्रत्यक्ष परीक्षा. जर्मनीत ही सवलत सहा महिन्यांची. म्हणजे इथला परवाना कोणत्या गाडीवर काढला याला तिथे कोणी विचारीत नाही. तिथली परीक्षा तुम्ही कोणत्या गाडीवर देऊ शकता, हे इथे काय शिकलात यावर ठरते.

मग आपला देशी परवाना बिनकामाचा का? मुळीच नाही. दुबईत जुना देशी परवाना दाखवला तर सक्तीच्या शिकवणीचे तास कमी होतात, आणि तिथे प्रत्येक तासाला पैसे आहेत. म्हणून अठरा पूर्ण झाले की लगेच शिकाऊ परवाना काढावा, तीस दिवसांनी चाचणी देऊन पक्का घ्यावा, आणि तो जुना होऊ द्यावा. जाण्याच्या दोन महिने आधी धावपळ करून काढलेल्या परवान्याला ही किंमत येत नाही.

गाडी कोणाची, ते आधी पाहा

तर आता मूळ प्रश्न. आमचे मत स्पष्ट आहे. तुम्ही परदेशात दुसऱ्याची गाडी पगारावर चालवणार असाल तर, भेद असलेल्या देशात, गिअरच्या गाडीवरच परीक्षा द्या. कोणती गाडी हातात मिळेल हे तुम्ही ठरवणार नाही, मालक ठरवणार. आखातात दुकानांचा, बांधकामाचा, पाण्याच्या बाटल्यांचा माल वाहणारे पिकअप, कामगारांना ने-आण करणाऱ्या लहान बसगाड्या यांत गिअरच्या गाड्या अजून भरपूर आहेत. एखाद्या कुटुंबात घरचा ड्रायव्हर म्हणून गेलात तर तिथे बहुधा ऑटोमॅटिकच असेल. पण तो करार दोन वर्षांचा, त्यानंतर मालक बदलला तर? ज्याच्याकडे दोन्हीचा परवाना आहे तो दोन दारे ठोठावू शकतो.

ह्याच्या उलट, स्वतःच्या घरची गाडी स्वतःच्या कामाला चालवायची असेल, तर ऑटोमॅटिकचा परवाना घ्यायला अजिबात कमीपणा नाही. आपल्या मुली आता नर्स म्हणून, संगणकाच्या कामावर, नवऱ्याबरोबर संसार करायला परदेशी जात आहेत. मुलाला शाळेत सोडायचे, बाजार करायचा, रात्रपाळीहून घरी यायचे, एवढ्यासाठी क्लचशी महिनोन्महिने झगडण्यात काय मिळणार? 'गिअरची चालवतो तोच खरा ड्रायव्हर' ही नाक्यावरची मर्दुमकी आहे. तिच्या नादी लागून सुना-मुलींना हिणवू नये. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर परदेशी शिकायला जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना तर बहुतेक वेळा गाडीच लागत नाही. त्यांनी परवान्याचे पैसे पुस्तकांना ठेवावेत. ब्रिटनमध्ये मात्र एक खर्च लक्षात घ्यावा. तिथे ऑटोमॅटिकची शिकवणी आणि भाड्याची गाडी साधारणपणे गिअरच्या गाडीपेक्षा महाग पडते.

ब्रिटनची आणखी एक अडचण आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांनी ध्यानात ठेवावी. पूर्वी तिथली लेखी परीक्षा काही परभाषांत ऐकून देता येत असे. एप्रिल २०१४ पासून ती सोय बंद झाली. आता इंग्रजी किंवा तिथली वेल्श भाषा. दुबईत लेखी परीक्षा हिंदीत देता येते, मराठीत नाही. गाडी उत्तम येते आणि पाटीवरचे वाचता येत नाही म्हणून नापास, असे होऊ नये. वाहतुकीच्या खुणा, चौकातला पहिला हक्क कोणाचा, गाड्यांमधले अंतर, एवढ्या विषयांचे इंग्रजी आणि हिंदी शब्द वहीत लिहून पाठ करावेत. वाडीतल्या अभ्यासिकेत आठवड्याचा एक तास यासाठी ठेवला तरी पुष्कळ होईल. शिकवायला बाहेरचा माणूस नको, बारावीची मुलगीही हे शिकवू शकते.

मोठ्या गाडीकडे जाणाऱ्यांसाठी एक बारीक पण फायद्याची गोष्ट. युरोपात नवे मोठे ट्रक बहुतांशी ऑटोमॅटिक गिअरचे असतात. मग तिथे कशाला क्लच, असे वाटेल. पण २०१२ च्या युरोपीय संघाच्या निर्देशाप्रमाणे, ज्याच्याकडे गिअरच्या मोटारीचा परवाना आधीच आहे, त्याने ट्रकची परीक्षा ऑटोमॅटिक ट्रकवर दिली तरी ट्रकच्या परवान्यावर बंधन येत नाही. म्हणजे लहान गाडीवर घेतलेली मेहनत मोठ्या गाडीला उपयोगी पडते. जर्मनीने १ एप्रिल २०२१ पासून मोटारीसाठी मधला मार्गही काढला. परीक्षा ऑटोमॅटिकवर द्यायची, पण त्याआधी गिअरच्या गाडीवर किमान दहा पाठ घेऊन शाळेतच पंधरा मिनिटांची चाचणी दिली, तर दोन्ही गाड्या चालवता येतात. हे मुद्दाम सांगण्याचे कारण, २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि त्याविषयी आपल्या मुलांत बरीच चर्चा झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये जपाननेही परदेशी कुशल कामगारांसाठी वाहनचालकांचे क्षेत्र खुले केले. दोन्हीकडे आधी भाषा, मग परवाना. घोषणा ऐकून कोणी टेम्पो विकायला काढू नये. आपल्याकडेही अवजड वाहनाच्या शिकाऊ परवान्यासाठी आधी हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर असावा लागतो आणि वय वीस लागते, तेव्हा हिशेब आतापासूनच मांडावा.

काही जण म्हणतील, आता विजेच्या गाड्या आल्या, त्यांना गिअरच नाही, मग हे सगळे जुने नाही का झाले? बरोबर आहे. आपल्या एसटीनेही १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर विजेवरची 'शिवाई' सोडली, ज्या मार्गावर १९४८ साली त्याच तारखेला एसटीची पहिली गाडी धावली होती. गिअरचा दांडा हळूहळू इतिहासजमा होणार यात शंका नाही. पण परवाना आपण पुढच्या करारासाठी काढतो. आज बावीस वर्षांचा असलेला मुलगा पुढची काही वर्षे ज्या गाड्या हाकणार, त्यांतल्या पुष्कळ गाड्या आज रस्त्यावर आहेत त्याच. त्या मोडीत निघेपर्यंत त्याचे कर्ज फिटलेले असले पाहिजे.

आता इथे काय करायचे ते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला पंधरावा नियम एकदा वाचावा. चाचणीत उमेदवाराने काय काय करून दाखवायचे ते त्यात दिले आहे. उतारावर चटकन खालचा गिअर टाकणे, आणि तीव्र चढावर थांबून गाडी मागे न सरकता पुन्हा निघणे, ह्या दोन गोष्टी त्यात आहेत. सपाट मैदानात पंधरा मिनिटे फिरवून परवाना मिळवणाऱ्यांना या दोन्हींची ओळखही नसते. आमच्या पोफळीच्या मुलांना मात्र ही शाळा घराबाहेरच आहे. कुंभार्ली घाट आपल्या दारात सुरू होतो. ज्या गिअरने चढायचे त्याच गिअरने उतरायचे, हे इथल्या जुन्या चालकांचे सांगणे अजून खरे आहे. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरला तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. ऑटोमॅटिकमध्येही त्यासाठी वेगळी सोय असते, पण ती कधी वापरायची हे ज्याला गिअर कळतो त्यालाच लवकर उमगते.

कोयनेचे काम १९५० च्या दशकात निघाले, तेव्हा प्रकल्पाच्या गाड्यांवर क्लीनर म्हणून लागलेले आणि पुढे स्टिअरिंगवर बसलेले लोक आम्ही लहानपणी पाहिले आहेत. पोफळीच्या वीजगृहाची कीर्ती सर्वांना ठाऊक, त्या चालकांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. त्यांना कोणी शाळा दाखवली नव्हती. आज वाडीत अशा सेवानिवृत्त चालकांपैकी कोणी असेल, एसटीतून निवृत्त झालेला कोणी काका असेल, तर मुलांनी पक्का परवाना मिळाल्यावर रविवारी सकाळी, रहदारी कमी असताना, त्यांना शेजारी बसवून घाट करावा. पावसाळ्यात आणि धुक्यात नवशिक्याने हा नाद करू नये. प्रशिक्षणाला पैसे नसतील तर महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात आणि बार्टीकडे त्या वर्षी चालकांसाठी काही योजना आहे का, याची लेखी चौकशी करावी. तोंडी विचारले की तोंडीच उत्तर मिळते.

दुचाकीवाल्यांनाही हेच लागू. स्कूटरवर चाचणी देऊन 'गिअर नसलेली' एवढाच वर्ग घेतलेली मुले पुष्कळ आहेत. आखातात घरपोच जेवण पोहोचवण्याचे काम मोटारसायकलीवर असते. इथेच गिअरच्या मोटारसायकलीवर चाचणी देऊन तो वर्ग घेऊन ठेवावा; खर्चात फारसा फरक नाही.

एजंटाविषयी थोडक्यात. दहावी नापास मुलाच्या पासपोर्टवर 'ईसीआर' हा शेरा येतो आणि आखाती देशांत कामाला जाताना त्याला प्रवासी संरक्षक कार्यालयाची मंजुरी लागते. एजंट नोंदणीकृत आहे की नाही ते सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. त्याला तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेण्याचा अधिकार नाही. पावती मागावी. अशा कामगाराला दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमाही सक्तीचा आहे. करारपत्र हातात आल्यावर 'ड्रायव्हर' या शब्दावर थांबू नये. गाडी कोणती, हलकी की अवजड, गिअरची की ऑटोमॅटिक, परवान्याचा खर्च कोणाचा, नापास झाल्यास दुसऱ्या परीक्षेचे पैसे कोण देणार, आणि परवाना मिळेपर्यंत पगार कोणता, हे विचारून घ्यावे आणि कागदावर मागावे. एजंट कुरकुरला तर समजावे की प्रश्न योग्य जागी लागला आहे.

शेवटी नावाची गोष्ट, कारण आमच्या टेबलावर सर्वांत जास्त अर्ज तिथेच अडतात. आपल्या अनेक कुटुंबांत आडनावे बदलली गेली. आजोबांचे एक, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरे, मुलाच्या आधारवर तिसरेच, आणि इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक कारकुनाच्या मर्जीचे. परवान्यावर वडिलांचे नाव मधे, पासपोर्टवर ते नाहीच, असेही असते. इथे कोणी हटकत नाही, पण परदेशातल्या शाळेच्या खिडकीवर परवाना आणि पासपोर्ट शेजारी ठेवतात आणि एक अक्षर चुकले तरी फाईल परत करतात. मग जुन्या परवान्याची वर्षे धरली जात नाहीत. म्हणून आधी शाळेचा दाखला प्रमाण धरावा. आडनाव बदललेले असेल तर शासनाच्या राजपत्रात बदल प्रसिद्ध करून त्याची प्रत ठेवावी. मग आधार, त्यानंतर परवाना, आणि सर्वांत शेवटी पासपोर्ट, असा क्रम लावावा. राजपत्राला वेळ लागतो. पावसाळ्यात अर्ज केला तर दिवाळीपर्यंत बाकीचे कागद सुरळीत होतात, आणि तोवर घाटातले धुकेही ओसरून सरावाला रस्ता मोकळा होतो.